हल्ल्याच्या दिवशी भाचा समुद्रात होता, मग त्याला कटाचं कलम कसं लागलं?

तुमचं लांबलचक पत्र वाचलं. इतरांनाही कळावं म्हणून हकिगत थोडक्यात सांगतो. दाभोळजवळच्या वाडीत आंब्याच्या कलमांच्या बागेवरून भावकीत जुना वाद आहे. एका चुलत्याने वाटपाचा दावा लावला आणि काही महिन्यांनी पाखाडीतून घरी जाताना त्याच्यावर कोयत्याने वार झाले. तो वाचला. पोलिसांनी दोन चुलत भाऊ आणि बाहेरचा एक माणूस पकडला. नंतर तुमच्या भाच्यालाही उचललं. कलमं लावली भारतीय न्याय संहितेची १०९ (खुनाचा प्रयत्न), ६१(२) (कट) आणि ३(५) (समान इरादा). भाच्याविरुद्ध तीन गोष्टी सांगतात. पडवीत बैठक झाली तेव्हा तो तिथे बसलेला होता. हल्ल्याच्या तीन दिवस आधी त्याने रात्री आपल्या होडीतून त्या बाहेरच्या माणसाला खाडीपलीकडच्या धोपाव्याहून अलीकडे आणलं. आणि त्याच्या मोबाईलवर चुलत भावाकडून बारा हजार रुपये आले. तुमचं म्हणणं असं की वार झाले त्या दिवशी तो दुसऱ्याच्या नौकेवर तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) म्हणून खोल समुद्रात होता, त्याने कोणाला हातही लावला नाही, मग हे कसं?

उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण ते आधीच सांगितलेलं बरं. तो समुद्रात होता हे शंभर टक्के खरं निघालं तरी कटाच्या आरोपाला त्याने फारसा धक्का लागत नाही. कटाच्या खटल्यात कोर्ट विचारतं की गुन्हा करायचा हे ठरलं तेव्हा हा माणूस त्या ठरावात सामील होता का. तो सामील होता असं सिद्ध झालं तर वार होताना तो पाखाडीत होता, समुद्रात होता की मुंबईत, याने काही बदलत नाही. त्यामुळे तुमची सगळी ताकद 'तो तिथे नव्हता' यावर खर्च करू नका. ती 'तो त्या ठरावात नव्हता' यावर लावा. बहुतेक घरची माणसं इथेच चुकीच्या बाजूला धावतात.

आता कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सुरुवातीला कट हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. कट करून अपप्रेरणा देणं, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी वा मदत देणं, एवढंच होतं आणि त्यासाठी ठरल्याप्रमाणे काहीतरी कृती घडावी लागे. १९१३ च्या दुरुस्तीने १२०अ आणि १२०ब ही कलमं आली आणि गुन्हा करण्याचा नुसता ठराव हाच गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा न्याय संहितेच्या कलम ६१ ने घेतली. शब्द जवळपास तेच आहेत, 'समान उद्देशाने' एवढी भर पडली आहे. तुमच्या प्रकरणातली घटना त्या तारखेनंतरची, म्हणून ६१. आमच्या कोर्टात मात्र अजूनही सगळे तोंडाने 'एकशेवीस ब' असंच म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका.

या कलमातली एक बारीक गोष्ट लोक विसरतात. ठराव गुन्हा करण्याचा असेल तर पुढे कोणी काडीही हलवली नाही तरी कट पूर्ण होतो. ठराव गुन्हा नसलेल्या पण बेकायदा गोष्टीचा असेल, तरच ठरावाखेरीज एखादी कृती लागते. खुनाचा ठराव अर्थातच पहिल्या प्रकारात येतो.

मग ठराव सिद्ध कसा करायचा? कट करणारे स्टॅम्पपेपरवर सह्या करत नाहीत. म्हणून कोर्ट आजूबाजूच्या गोष्टींवरून अनुमान काढतं, आणि पडवीतल्या बैठकीचा प्रश्न इथे येतो. भावकीच्या बैठकीत, त्यातही शिमग्याच्या किंवा गणपतीच्या दिवसांत चाकरमानी गावात असताना, काय काय बोललं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. 'याला आता दाखवायलाच हवा', 'एकदाचा आडवा केला की झालं' अशी वाक्यं सामाईक सातबारा असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी पडलेली असतात. एवढ्यावर कट होत नाही. इंदिरा गांधी हत्येच्या खटल्यात, १९८८ च्या केहरसिंग निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे की बेताची नुसती माहिती असणं किंवा त्याविषयी चर्चा होणं पुरेसं नाही. त्याच निकालात आरोपी बलबीरसिंग सुटला आणि केहरसिंगची फाशी कायम झाली. केहरसिंग आणि गोळ्या झाडणारा बेअंतसिंग गच्चीवर बराच वेळ एकटेच बोलत होते हे बेअंतच्या बायकोच्या साक्षीतून आलं. गच्चीवर नेमकं काय बोलणं झालं ते कोणीच ऐकलेलं नव्हतं. पण त्या भेटीच्या पुढेमागे दोघांचं जे वागणं होतं, त्याच्याशी जोडून कोर्टाने ती गच्चीवरची भेट वाचली. म्हणजे बैठक एकटी कधीच वाचली जात नाही. तिच्यानंतर माणूस कसा वागला ते पाहून तिचा अर्थ लावला जातो. तुमच्या भाच्याच्या बाबतीत बैठकीनंतरचं वागणं म्हणजे होडी आणि पैसे. खरा खटला या दोन गोष्टींवर उभा राहणार.

होडीकडे येतो. दाभोळ-धोपावे फेरीबोट रात्री बंद झाली की वाशिष्ठीच्या पलीकडे अडकलेल्या माणसाला चिपळूणवरून मोठा वळसा घालावा लागतो. त्यामुळे ओळखीच्या होडीवाल्याला फोन करून खाडी ओलांडणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. आजारी माणूस असतो, लग्नाहून परतणारे असतात, शेवटची एसटी चुकलेले असतात. म्हणून 'रात्री माणूस आणला' एवढ्याने कट सिद्ध होतो असं कोणताही शहाणा सत्र न्यायाधीश म्हणणार नाही. पण सरकारी वकील पुढचे प्रश्न विचारतील. भाडं किती? एरवी त्या फेरीचे तो किती घेतो? बारा हजार कशाचे? फोन कोणी केला, त्या माणसाने स्वतः की चुलत भावाने? होडी नेहमीच्या जेटीला लागली की पुढे खडकात? दिवा चालू होता का? माणसाच्या हातात काय सामान होतं? या उत्तरांवर भाच्याचं भवितव्य ठरेल.

यावर कोकणकिनाऱ्याशी जोडलेला एक निकाल आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची हत्यारं आणि आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे उतरवलं गेलं, हे तुम्हाला माहीत असेल. त्यात सीमाशुल्क खात्याचे अधिकारी सोमनाथ थापा यांच्यावर आरोप ठेवायचा की नाही हा प्रश्न १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. कोर्टाने सांगितलं की कटासाठी बेकायदा कृत्याचं ज्ञान हवंच. पण पुरवलेल्या वस्तूचा किंवा सेवेचा कायदेशीर उपयोग होऊच शकत नसेल, तर नुसत्या ज्ञानावरूनही इराद्याचं अनुमान काढता येतं. आणि गुन्हा अनेक कृतींच्या साखळीचा असेल तर पुढचा माणूस नेमकं काय करणार हे प्रत्येकाला ठाऊक असण्याची गरज नाही. तो त्याचा बेकायदा वापर करणार एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

हे तुमच्या भाच्याला लावून बघा. माणसाला खाडी पार करून देणं या सेवेचा कायदेशीर उपयोग रोज शंभर वेळा होतो. म्हणून नुसत्या फेरीवरून इरादा काढता येत नाही, आणि बचावाचा हा सगळ्यात भक्कम भाग आहे. पावसाळी बंदीच्या दिवसांत, १ जूननंतर, जाळं न घेता मध्यरात्री होडी खोल समुद्रात नेऊन बंद खोकी उतरवली असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे 'मला काय माहीत' हे कोणी मानलं नसतं. तुमच्या प्रकरणात फेरी निर्दोष दिसते. पैसे मात्र निर्दोष दिसत नाहीत. म्हणून त्या बारा हजारांचा खरा हिशेब आधी घरात बसून लावा. इंजिनच्या दुरुस्तीचे उसने होते का? जाळ्याचे होते? पूर्वी अशी देवाणघेवाण झाली आहे का? बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढा. असेल तर ते खणखणीत बोलेल. नसेल तर वकिलाला खरं सांगा. मागाहून बनवलेली डिझेलची वही कोर्टात पहिल्या उलटतपासणीत उघडी पडते, आणि मग खरी गोष्टसुद्धा खोटी वाटायला लागते.

'त्या बाहेरच्या माणसाला तर भाचा ओळखतही नाही' हा तुमचा मुद्दा मात्र सोडून द्या. कटातल्या सगळ्यांनी एकमेकांना ओळखायला लागत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना एका दोरीवरचा माणूस दुसऱ्या दोरीवरच्याचं तोंड पाहत नाही, जाळं एकच असतं. राजीव गांधी हत्येच्या १९९९ च्या निकालातही साखळीसारख्या आणि छत्रीच्या काड्यांसारख्या कटांची चर्चा आहे. पण त्याच निकालाची दुसरी बाजू बघा. विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या १९ जणांची फाशी रद्द करून त्यांना खुनाच्या कटातून मोकळं केलं. आरोपींच्या संगतीत असणं, त्यांना जागा देणं, घटनेनंतर त्यांना मदत करणं म्हणजे खुनाच्या ठरावात असणं नव्हे. संजय दत्तचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. हत्यार घरी आलं, पण कट सिद्ध झाला नाही. शिक्षा झाली ती शस्त्र कायद्याखाली. एकाच टोपलीतल्या सगळ्यांना कोर्ट एकच भाव लावत नाही.

शिक्षेबद्दल तुम्ही विचारलंय, तर आकडे सांगतो. फाशी, जन्मठेप किंवा दोन वर्षं वा अधिक सक्तमजुरी असलेल्या गुन्ह्याचा कट असेल तर कटवाल्याला अपप्रेरणा दिल्यासारखी शिक्षा होते. खून ठरला आणि झाला, तर खुनाचीच शिक्षा. खून ठरला आणि काहीच घडलं नाही, तर कलम ५५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत. खून ठरला, माणूस वाचला पण जखमी झाला, तर त्याच कलमात चौदा वर्षांपर्यंत. शिवाय कलम १०९ मध्ये दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाता येतं, आणि सरकार पक्ष तेच मागणार. बाकी किरकोळ गुन्ह्यांच्या कटाला सहा महिन्यांपर्यंत.

इथे एक फरक तुमच्या वकिलाने युक्तिवादात नीट मांडायला हवा. संसद हल्ल्याच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याने प्रत्यक्ष कृती केली तो त्या गुन्ह्यालाही जबाबदार आणि कटालाही. पण कृतीत भाग न घेतलेल्या कटवाल्याला दुसऱ्याने केलेल्या मूळ गुन्ह्यात, एक दुसऱ्याचा मुखत्यार असल्यासारखं धरून, दोषी ठरवता येत नाही. तो कटाच्या कलमाखालीच जबाबदार. म्हणून भाच्यावर १०९ स्वतंत्रपणे आणि ३(५) म्हणजे समान इराद्याचं कलम लावलंय, त्यावर हल्ला करायला जागा आहे. समुद्रात असण्याचा पुरावा इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. बंदरावर नौकांच्या ये-जा नोंदी असतात, त्यांची प्रमाणित प्रत अर्ज करून आत्ताच घ्या. सहा महिन्यांनी ते रजिस्टर कुठल्या कपाटात जाईल सांगता येत नाही. नौकेच्या मालकाचा आणि बरोबरच्या खलाशांचा जबाबही हवा. खलाशी हंगाम संपला की आपापल्या गावी पांगतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

'नंतर त्याने अंग काढून घेतलं होतं' असंही तुम्ही सुचवलंय. जपून. अंग काढून घेतलं म्हणजे आधी अंग होतं, असं कबूल होतं. ठराव झाला त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, माघार घेतल्याने तो पुसला जात नाही. माघार खरी असेल, त्याने चुलत्याला किंवा पोलीस पाटलाला सावध केलं असेल, तर पुढच्या कृत्यांपासून त्याला वेगळं काढायला आणि शिक्षा ठरताना तिचा उपयोग होतो. नुसतं 'मग मी गेलोच नाही त्यांच्याकडे' याचा होत नाही. 'मी ठरावात नव्हतो' आणि 'मी ठरावातून बाहेर पडलो' हे दोन्ही बचाव एकत्र चालत नाहीत. एक निवडा, आणि निवडण्याआधी भाच्याशी एकांतात बोलून खरं काय ते काढा.

दुसरा धोका असा की त्याला ऐकून ठाऊक होतं पण तो गप्प बसला. ठाऊक असणं म्हणजे कट नव्हे हे वर आलंच. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३३ प्रमाणे खुनाच्या इराद्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवायची असते. आणि गुन्हा सोपा व्हावा म्हणून असा बेत दडवून ठेवला तर न्याय संहितेचं कलम ५८ आहे, गुन्हा घडला असल्यास सात वर्षांपर्यंत. आपल्याकडे 'भावकीतलं भावकीत राहू दे' म्हणून गप्प राहायची सवय आहे, ती अशा वेळी महागात पडते.

आता पुराव्याचं. पोलिसांनी भाच्याचा जबाब घेतला आणि त्यात त्याने 'सगळं कबूल केलं' असं तुम्हाला ठाण्यात सांगितलं गेलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाचं (पुराव्याच्या नव्या कायद्याचं) कलम २३. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा येतो. म्हणून निवेदन पंचनाम्यात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. 'मी होडी दाखवतो' याला काही अर्थ नाही, होडी तर जेटीवर सगळ्या गावासमोर उभी होती. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला असता तर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालला असता. १९९३ च्या खटल्यातही टाडा या दहशतवादविरोधी कायद्यामुळे तसे जबाब आले होते. म्हणून त्या खटल्यातल्या शिक्षा बघून घाबरू नका, तिथला पुराव्याचा नियमच वेगळा होता.

सहआरोपीने 'होडीवाल्याला सगळं ठाऊक होतं' असं दंडाधिकाऱ्यापुढे सांगितलं असेल तर? खटला एकत्र चालत असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं, पण त्यावर शिक्षा उभी करू शकत नाही. आधी दुसरा पुरावा पुरेसा हवा, मग त्याला टेकू म्हणून हे. १९६४ च्या हरिचरण कुर्मी निकालापासून हे पक्कं आहे. कटाच्या खटल्यांसाठी साक्ष अधिनियमात खास कलम ८ आहे, जुनं कलम १०. एकाने कटाच्या कामासाठी बोललेलं वा केलेलं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं. पण कट चालू असतानाचंच. अटकेनंतर सांगितलेल्या गोष्टी त्यात बसत नाहीत, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४० साली मिर्झा अकबरच्या खटल्यात ठरवलं. सरकार पक्ष सहआरोपीचा कबुलीजबाब आणि हे कलम ८ यांची सरमिसळ करतो, तिथे हरकत नोंदवायची.

मोबाईलच्या सीडीआरबद्दल, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींबद्दल, एक गोष्ट किनाऱ्यावरच्या वकिलाला कळते, पुण्या-मुंबईच्या वकिलाला पटकन सुचत नाही. पाण्यावरून सिग्नल लांब जातो. दाभोळच्या बाजूला उभ्या माणसाचा फोन गुहागरच्या बाजूचा टॉवर पकडतो आणि उलटही होतं. त्यामुळे 'लोकेशन धोपावे' असं आलं म्हणून माणूस धोपाव्यात होता असं होत नाही. मोबाईल कंपनीच्या अधिकाऱ्याला हे उलटतपासात विचाराच. व्हॉट्सॲपचे मेसेज असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात आहे का, हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) दिली आहे का, ते बघा. आणि नुसते फोन झाले म्हणून कट होत नाही. संसद हल्ल्याच्या खटल्यात आरोपी प्राध्यापक गिलानी यांचे इतर आरोपींशी फोन झाले होते. कोर्टाने संशय बोलून दाखवला, तरी निर्दोष सुटका कायम ठेवली.

माफीचा साक्षीदार करावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत, आत्ता नाही. माफीचा साक्षीदार होण्यासाठी त्याने गुन्ह्यातला आपला भाग धरून सगळं खरं सांगावं लागतं. ज्याचा बचावच 'मी नव्हतो' हा आहे त्याने आधी 'मी होतो' म्हणायचं. शिवाय आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तो आत राहतो, आणि साक्षीत फिरला तर सरकारी वकिलांच्या दाखल्यावर त्याच्यावर पुन्हा खटला. त्यात गाव लहान, ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्या अंगणातून रोज जायचं. हा मार्ग त्याच्यासाठी आहे, ज्याच्याविरुद्ध पुरावा पक्का आहे आणि जो खरोखर कडेला होता.

तूर्त जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करा. त्यात तो घटनास्थळी नव्हता, हत्यार त्याच्याकडून जप्त नाही, फेरी ही रोजची सेवा आहे, हे तिन्ही मुद्दे हवेत, आणि पैशांचा हिशेब पक्का असेल तरच तोही जोडा. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, पण त्यासाठी अर्ज त्याच दिवशी तयार हवा. दुपारपर्यंत दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून साठ दिवसांच्या आत दोषमुक्तीचा, म्हणजे साक्षीपुराव्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज करायचा असतो, ही मुदत नव्या कायद्यात आली आहे आणि पुष्कळ जण ती चुकवतात. सत्र न्यायालयाने नाकारलं तर वरती जायला आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तुमच्या शेजारच्या रायगडची मात्र अजून मुंबईलाच.

आणि तोपर्यंत घरच्यांनी त्या चुलत्याच्या घरी 'समजूत काढायला' जाऊ नये. साक्षीदारावर दबाव आणल्याची एक तक्रार आली की मिळालेला जामीनही रद्द होतो.